नागरी स्वातंत्र्य आणि उच्च न्यायालय: न्यायमूर्तींचा दृष्टिकोन निकाल कसा घडवतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडवरील सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. या बेंचसाठी चार दशकांहून अधिक काळ जे आंदोलन चालले, त्यात भर होता तो अंतरावर, खर्चावर आणि प्रलंबित प्रकरणांवर. न्यायालय दाराशी आल्यावर मात्र लोक वेगळे प्रश्न विचारू लागले आहेत. तडीपारीचा एक आदेश रद्द होतो आणि जवळपास तसाच दुसरा कायम राहतो, असे का? मोबाइलवरच्या स्टेटसमुळे दाखल झालेला गुन्हा एका न्यायालयाला टिकण्याजोगा वाटतो आणि दुसऱ्याला नाही, असे का? वकिलांच्या खोलीत, महाविद्यालयांत आणि पक्षकारांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांशीच बोलावे.

न्यायिक तत्त्वज्ञान म्हणजे न्यायमूर्तींचे राजकीय मत का?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर केला नाही तर पुढचे काहीच नीट समजणार नाही. न्यायमूर्ती कोणत्या विचारांकडे झुकतात हे शोधत बसण्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. कायद्यातील शब्द ते कसे वाचतात, शंका उरली तर विश्वास कोणावर ठेवतात, सिद्ध करण्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकतात आणि न्यायालयाने कुठे थांबावे असे त्यांना वाटते. नागरी स्वातंत्र्याच्या बहुतेक प्रकरणांत निकालाची दिशा या चार गोष्टींनी ठरते, आणि त्या चारही निकालपत्रात लिहिलेल्या सापडतात.

शब्द वाचण्याचेच पाहा. राज्यघटनेचे कलम २१ सांगते की कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९५० साली ए. के. गोपालन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने याचा अर्थ शब्दशः लावला: विधिमंडळाने कार्यपद्धती घालून दिली आहे आणि ती पाळली गेली आहे, एवढे पुरे. न्यायमूर्ती फझल अली यांना ते मान्य नव्हते. १९७८ साली मनेका गांधी यांच्या प्रकरणात त्याच शब्दांतून न्यायालयाने असा अर्थ काढला की ती कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे. मधल्या २८ वर्षांत कलम २१ मधला एक शब्दही बदलला नव्हता.

वर सर्वोच्च न्यायालय आहे. मग उच्च न्यायालयाच्या दृष्टिकोनाने असा काय फरक पडतो?

फार मोठा. कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो हे खरे, पण तत्त्व बंधनकारक असले तरी समोरच्या वस्तुस्थितीला ते लागू पडते की नाही हे आधी उच्च न्यायालयच ठरवते. शिवाय कलम २२६ चा अधिकार कलम ३२ पेक्षा विस्तृत आहे. सर्वोच्च न्यायालयात थेट जायचे तर मूलभूत हक्काचा भंग दाखवावा लागतो; उच्च न्यायालय इतर कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देऊ शकते. आणि व्यवहारातली गोष्ट ही की कागलचा किंवा कणकवलीचा सामान्य माणूस दिल्लीपर्यंत क्वचितच जातो. त्याच्यापुरते उच्च न्यायालयाचे म्हणणेच शेवटचे असते.

कोल्हापूर जिल्ह्यातले एखादे उदाहरण देता येईल का?

हातकणंगले पोलीस ठाण्यात नोंदवलेला एक गुन्हा या विषयाच्या अभ्यासासाठी अगदी योग्य आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवले. जम्मू-काश्मीरसाठी ५ ऑगस्ट हा काळा दिवस असल्याचा मजकूर एकात होता आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दुसऱ्यात. भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ खाली, म्हणजे समाजगटांत शत्रुत्व वाढवल्याच्या आरोपाखाली, गुन्हा दाखल झाला. तो रद्द करावा म्हणून प्राध्यापक मुंबई उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की शुभेच्छांच्या मजकुराने गुन्हा होत नाही, पण काळ्या दिवसाच्या मजकुराने लोकांच्या भावना भडकू शकतात. म्हणून गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि गुन्हा रद्द केला. अनुच्छेद ३७० निष्प्रभ करण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे आणि अशा प्रत्येक टीकेला गुन्हा ठरवले तर लोकशाही टिकणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

दोन्ही न्यायालयांसमोर शब्द तेच होते आणि कलमही तेच. फरक होता तो हे शब्द वाचणारा माणूस कोण असे गृहीत धरायचे, यात. संवेदनशील विषयावरचे वाक्य वाचून चटकन बिथरणारा वाचक उच्च न्यायालयाने डोळ्यांसमोर ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची कसोटी लावली, जी त्यांनी स्वातंत्र्यापूर्वी, वृत्तपत्रावरील कारवाईच्या एका प्रकरणात, भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात मांडली होती: शब्दांचा परिणाम मोजायचा तो विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, दुबळ्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. विदर्भातल्या एका न्यायमूर्तींनी इंग्रजी अमलात घालून दिलेली ही कसोटी पाऊण शतकानंतर हातकणंगल्याच्या प्रकरणात कामी आली, याचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही. व्हायला हवा होता, असे मला वाटते.

आता या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ने घेतली आहे. गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५२८ खाली आहे. कसोटी तीच राहते.

तडीपारीच्या प्रकरणांत न्यायालये इतकी बारकाईने का पाहतात? पोलिसांना परिसर शांत ठेवायचा नसतो का?

ठेवायचा असतोच, आणि ज्या गल्लीत एखाद्याची दहशत असते तिथल्या लोकांना तडीपारी हवी असते हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५, ५६ आणि ५७ खालील आदेश दोषसिद्धीनंतरची शिक्षा नसतात. कलम ५६ मध्ये तर गुन्हा सिद्ध होण्याचीही गरज नसते. अधिकाऱ्याच्या मनाची खात्री झाली की माणसाला त्याच्या घरापासून, कामापासून दोन वर्षांपर्यंत दूर ठेवता येते.

असा एखादा आदेश हातात घेऊन पाहावा. आरंभी गुन्ह्यांचा तक्ता असतो: गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, सद्यःस्थिती. त्यातल्या काही गुन्ह्यांत निर्दोष सुटका झालेली असते, काही फार जुने असतात. मग ‘गोपनीय साक्षीदार अ’ आणि ‘गोपनीय साक्षीदार ब’ यांचे जबाब येतात आणि त्यानंतर ठरावीक वाक्य: साक्षीदार जिवाच्या व मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत. शेवटी ‘दोन वर्षांकरिता हद्दपार’. एका जिल्ह्यातून का नाही, शेजारच्या जिल्ह्यांतूनही का. एक वर्ष का पुरत नाही, यावर अनेकदा एक ओळही नसते.

हा कागद वाचण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणते की मनाची खात्री अधिकाऱ्याची व्हायची आहे. न्यायालय अपिलात बसलेले नाही. काहीतरी साहित्य समोर होते ना, मग ते पुरेसे होते की नाही यात आम्ही जाणार नाही. दुसरी म्हणते की फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क कलम १९ ने दिला आहे, म्हणून तो काढून घेणाऱ्याने प्रत्येक पायरीचे कारण द्यावे. २८ जानेवारी २०२२ रोजी दीपक डोंगरे यांच्या जालना जिल्ह्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी पद्धत ठामपणे स्वीकारली. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरावा आणि कमाल मुदत लावायची तर तिची कारणे आदेशात दिसावीत, असे त्या निकालात आहे. त्याच प्रकरणात उच्च न्यायालयाने आधी याचिका फेटाळली होती. म्हणजे आज कायदा स्पष्ट आहे; तरीही ‘जुने गुन्हे’ किती जुने आणि ‘कारणे’ किती तपशिलात, हे पीठागणिक थोडे वेगळे पडते. आदेश का टिकला किंवा का पडला याचे उत्तर बहुधा या जागेतच सापडते.

एमपीडीए, म्हणजे धोकादायक व्यक्तींच्या कारवायांना आळा घालणारा राज्याचा कायदा, याखालील स्थानबद्धतेत (खटल्याविना कोठडीत) हीच गोष्ट आणखी तीव्र होते, कारण तिथे माणूस थेट तुरुंगात जातो आणि १२ महिन्यांपर्यंत राहू शकतो. तिथे न्यायालय आणखी एक भेद पाहते: कायदा व सुव्यवस्थेचा साधा प्रश्न आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका. राम मनोहर लोहिया यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक असलेल्या वर्तुळांच्या साहाय्याने हा फरक समजावला होता. दोघांच्या भांडणाने पहिले वर्तुळ ओलांडले जाते, दुसरे जातेच असे नाही.

जमावबंदीचे आदेश तर कायम लागू असतात. त्यांना आव्हान देऊन उपयोग होतो का?

जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) आणि ३७(३) खालील आदेश सण, यात्रा, निवडणूक, आंदोलन अशा कारणांनी इतक्या नियमितपणे निघतात की ती वर्तमानपत्रातली सवयीची चौकट झाली आहे. सवय झाली म्हणजे आदेश वैध झाला असे नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर बीड जिल्ह्यातील माजलगावचे प्रकरण आले. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध बेमुदत धरणे धरण्यास अशाच आदेशाच्या आधारे परवानगी नाकारली होती. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांनी तो आदेश रद्द केला. आदेश वरवर सर्वांना लागू दिसत असला तरी प्रत्यक्षात तो एका आंदोलनाला थांबवण्यासाठी काढला होता, असे त्यांना दिसले. एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. आदेशाची भाषा वाचून न थांबता तो का काढला याच्या मागे जाणे, हा इथला दृष्टिकोन.

एकाच पीठावरचे दोन न्यायमूर्तीसुद्धा वेगळे मत देतात. तसे झाले तर कायदा काय समजायचा?

प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जाते आणि त्यांच्या मताने बहुमत ठरते. याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे माहिती तंत्रज्ञान नियमांत ६ एप्रिल २०२३ रोजी केलेली दुरुस्ती. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा समाजमाध्यमांवरील मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असे सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाने ठरवले, तर तो ठेवणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना आणि इतर काहींनी आव्हान दिले.

३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी परस्परविरुद्ध निकाल दिले, आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पटेल यांची सुरुवात बोलणाऱ्या नागरिकापासून होते. नियमातले शब्द मोघम आहेत. सरकार स्वतःविषयीच्या मजकुराचे स्वतःच परीक्षक होते. कारवाईच्या धास्तीने कंपन्या वैध मजकूरही काढून टाकतील आणि वर्तमानपत्रात छापता येते ते इंटरनेटवर मात्र टिकणार नाही. गोखले यांची सुरुवात नियमाच्या हेतूपासून होते. खोट्या माहितीपासून लोकांचे रक्षण हा वैध हेतू आहे. नियमाचा मर्यादित अर्थ लावला तर टीका, विडंबन आणि मत सुरक्षित राहते. अधिकाराचा गैरवापर होऊ शकेल या शक्यतेवर नियम पाडता येत नाही, कारण गैरवापर झालाच तर न्यायालय उघडे आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि नियम घटनाबाह्य ठरला.

नुकसान होण्याची शक्यता दिसताच थांबवायचे की प्रत्यक्ष नुकसान होईपर्यंत वाट पाहायची, हा दोघांमधला खरा वाद आहे. कायदा घटनात्मक आहे असे गृहीत धरून सुरुवात करणे हे एक रुळलेले तत्त्व, आणि मोघम निर्बंध भाषणाला गारठवतो हेही तितकेच रुळलेले. न्यायमूर्ती त्यांतले कोणते आधी हाती घेतात यावर बरेच काही ठरून जाते. माझे मत पटेल यांच्या बाजूचे आहे, कारण धास्तीने न लिहिलेल्या मजकुराबद्दल दाद मागायला कोणी न्यायालयात येत नाही. पण गोखले यांचा युक्तिवाद सरकारधार्जिणा म्हणून झटकून टाकणे हा आळस आहे.

मग अमुक न्यायमूर्ती सक्रिय आणि अमुक संयमी, असे म्हणता येते का?

ढोबळमानाने. शिक्के फार काळ टिकत नाहीत. २०१६ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती अभय ओक आणि एस. सी. गुप्ते यांनी महाराष्ट्रातील गोवंश हत्याबंदीच्या दुरुस्तीवर निकाल दिला. हत्येवरची बंदी हा विधिमंडळाचा धोरणात्मक निर्णय म्हणून त्यांनी कायम ठेवली. पण राज्याबाहेर कायदेशीररीत्या कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम ५-ड त्यांनी रद्द केले, कारण माणूस आपल्या घरात काय खातो यात शासनाने डोकावणे खासगीपणावर अतिक्रमण आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे त्यानंतर. एकाच निकालपत्रात संयमही आहे आणि हस्तक्षेपही. सीमा घराच्या उंबऱ्यावर आखलेली आहे. हेच ओक पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. वर सांगितलेले डोंगरे प्रकरण आणि हातकणंगल्याचे प्रकरण ऐकणाऱ्या दोन्ही पीठांवर ते होते. निर्बंधाच्या प्रत्येक पायरीला शासनाकडे कारण मागण्याची एकच रीत या तिन्ही निकालांत दिसते.

शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीचा निकाल कोल्हापूर विसरणार नाही. १६ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि नीला गोखले यांच्या पीठाने मठाची याचिका फेटाळून तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्याचा मार्ग मोकळा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि जिल्हाभर मोर्चे निघाले. भावना बाजूला ठेवून निकालपत्र वाचले तर दिसते की मठाच्या धार्मिक वापराचा हक्क आणि मुक्या जनावराचा चांगल्या जगण्याचा हक्क यांत न्यायालयाने दुसऱ्याला वरचे स्थान दिले, आणि तसे करताना तज्ज्ञ समितीच्या निष्कर्षावर भिस्त ठेवली. तज्ज्ञ यंत्रणेवर विश्वास ठेवायचा की तिचे निष्कर्ष स्वतः उलगडून पाहायचे, हाही तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर पटले नाही म्हणून निकाल विकत घेतला गेला असे म्हणणे गैर आहे.

आणीबाणीत उच्च न्यायालये कशी वागली?

आज वाटते त्यापेक्षा कितीतरी निर्भयपणे. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते असे नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले होते आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचाही समावेश होता. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळे निकाल पुसून टाकले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात यशवंत चंद्रचूड आणि पी. एन. भगवती हे दोघेही होते. याच भगवतींनी दोन वर्षांनी मनेका गांधी प्रकरणात कलम २१ चा विस्तार केला आणि पुढे जनहित याचिकांचे पर्व आणले. शिक्के टिकत नाहीत म्हटले ते यासाठीही. जबलपूर निकाल पुढे पुट्टस्वामी प्रकरणात धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्याच चिरंजीवांनी, चुकीचा ठरवला.

त्याच काळात मिनू मसानी यांच्या नियतकालिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती डी. पी. मदन आणि एम. एच. कानिया यांचे पीठ होते. आणीबाणी आहे, सेन्सॉरशिपचा आदेश आहे, हे मान्य करूनच त्यांनी विचारले की आदेशाने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर सेन्सॉर गेला आहे का. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात गायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, अशा आशयाचे त्या निकालातील वाक्य वकिलांना पाठ असते. मोठ्या घोषणेपेक्षा अधिकाराची हद्द मोजणे किती परिणामकारक ठरते, हे त्यातून कळते.

आरोपी ‘तांत्रिक मुद्द्यावर’ सुटला, असे आपण म्हणतो. ते बरोबर आहे का?

बोलण्यापुरते. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली दोषी ठरलेले प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने सोडले, कारण बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटल्यासाठी लागणारी मंजुरी कायद्याप्रमाणे नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने विशेष बैठकीत त्या निकालाचा अंमल थांबवला आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी नागपूरच्याच वेगळ्या पीठाने, न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मिकी मेनेझेस यांनी, मंजुरी आणि पुरावा दोन्ही पाहून पुन्हा निर्दोष सुटका केली. कायदा जितका कठोर तितकी त्याची कार्यपद्धती काटेकोर पाळली पाहिजे असे मानणाऱ्या न्यायमूर्तींना मंजुरी हा तांत्रिक मुद्दा वाटत नाही. शासन आणि नागरिक यांच्यामधला तो एक दरवाजा असतो. गुन्ह्याच्या गांभीर्यापासून सुरुवात करणाऱ्यांना तो नंतरचा प्रश्न वाटतो. मधल्या काळात साईबाबा तुरुंगातच राहिले.

पानसरे प्रकरणात जामीन मिळाला तेव्हा अनेकांना धक्का बसला. तिथेही हाच विचार होता का?

कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. तपासावर उच्च न्यायालयाने अनेक वर्षे देखरेख ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये सहा आरोपींना जामीन मिळाला, तो मुख्यतः प्रदीर्घ कोठडी आणि खटला लवकर संपण्याची शक्यता नसणे या कारणांवर. ज्या शहराने हा माणूस गमावला त्याला हे पचणे अवघड गेले, यात नवल नाही. पण खटल्याविना किंवा खटला रेंगाळत ठेवून माणसाला किती वर्षे आत ठेवायचे, हा प्रश्न आरोपी कोण आहे यावर बदलू लागला तर साईबाबांसाठी मागितलेले स्वातंत्र्यही उरत नाही. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे. खटला का लांबतो, याचा जाब मात्र सरकार पक्षाला विचारायलाच हवा.

पुस्तके, कथा, श्लीलता यांबाबतही दृष्टिकोन बदलतो का?

सर्वाधिक बदलतो. १९६२ च्या एका मराठी मासिकाच्या दिवाळी अंकातील कथेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला अश्लीलतेसाठी दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने, समाजाची मोजमापे बदलत असतात हे लक्षात घेऊन, लेखक चंद्रकांत काकोडकर यांना सोडले. पुस्तकबंदीत तर मुंबई उच्च न्यायालयाच्याच दोन पूर्णपीठांचे निकाल वेगवेगळ्या दिशांना गेलेले आहेत: २००७ मध्ये एका पुस्तकावरची बंदी उठली, २०१० मध्ये दुसऱ्यावरची कायम राहिली. दोन्हीकडे नियम एकच होता, की बंदीच्या आदेशातच तिची कारणे असावीत आणि पुस्तक एकसंध वाचावे.

संयमाची किंमत कधी कुटुंबातही मोजावी लागते. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर आणि मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी १९५१ साली नरसू अप्पा माळी प्रकरणात सांगितले की वैयक्तिक कायदे (विवाह, वारसा यांविषयीचे धर्मनिहाय कायदे) मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. या विषयात विधिमंडळाने पुढाकार घ्यावा, हा विचार. त्या निकालाने स्त्रियांच्या हक्कांच्या अनेक याचिकांची वाट अडवली असे टीकाकार म्हणतात.

इंटरनेट बंद करण्याच्या आदेशांचे काय?

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावानंतर सेवा बंद झाली तेव्हा व्यापारी, विद्यार्थी सगळेच अडले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात ठरवून दिले आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते बेमुदत असू शकत नाहीत आणि निर्बंध गरजेच्या प्रमाणातच असावा. आव्हान द्यायचे तर आधी आदेशाची प्रत मागावी.

आपल्याला अनुकूल न्यायमूर्ती निवडता येतात का?

नाही. कोणते प्रकरण कोणापुढे चालेल हे मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने ठरते. समान संख्येच्या पीठाचा आधीचा निकाल मान्य नसेल तर न्यायमूर्तींना तो डावलता येत नाही. मोठ्या पीठाकडे पाठवावा लागतो. दृष्टिकोनाला असलेला हा लगाम लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

कागदपत्रे मराठीत आणि न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. त्याचा स्वातंत्र्याशी संबंध आहे का?

थेट आहे. कलम ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तर तडीपारीचा आदेश, पंचनामा, जबाब मराठीत असतात. म्हणून याचिकेसोबत अनुवाद जोडावे लागतात आणि ते निष्काळजीपणे केले तर पक्षकाराचेच नुकसान होते. स्थानबद्धतेत मात्र भाषेचा भार शासनावर आहे. कलम २२(५) नुसार स्थानबद्धाला कारणे कळवणे बंधनकारक आहे. नागपूरच्या हरिकिसन यांना आदेश इंग्रजीत दिला होता आणि त्यांनी तो हिंदीत मागितला. तोंडी समजावून सांगितले आहे आणि इंग्रजी ही राजभाषा आहे, एवढे उच्च न्यायालयाला पुरेसे वाटले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले: माणसाला कळेल अशा भाषेत आणि लिपीत लेखी कारणे मिळाली नाहीत तर त्याला आपली बाजू मांडण्याची खरी संधीच मिळत नाही. तेव्हा एमपीडीएचा आदेश बजावला गेला तर सोबतचा प्रत्येक कागद स्थानबद्धाला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का आणि तो कोणत्या तारखेला हाती पडला, हे घरच्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवावे.